शपथ, विवेक आणि गायरान : ट्युडर इतिहास आपल्या मुलांना कसा सांगावा

इंग्लंडवर १४८५ ते १६०३ या काळात राज्य केलेल्या ट्युडर घराण्याशी भोर-वेल्ह्याच्या मुलांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे त्या घराण्याची ओळख आठव्या हेन्रीच्या सहा राण्या आणि एलिझाबेथ राणीकडून ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेली सनद यांपलीकडे सहसा जात नाही. आयसीएसई मंडळाच्या नववीच्या पुस्तकात धर्मसुधारणेचे प्रकरण असते आणि राज्य मंडळाच्या पुस्तकांत त्याचा ओझरता उल्लेख येतो. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एक माणूस असा आहे, की ट्युडर इंग्लंड समजल्याशिवाय तो समजतच नाही. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायरमधल्या बुश्टन गावी झाला. ते दहा वर्षांचे होईपर्यंत इंग्लंडच्या राज्याचा धर्म दोनदा बदलला होता. एडवर्डच्या प्रॉटेस्टंट राजवटीनंतर मेरीची कॅथलिक राजवट आली आणि तिच्यानंतर एलिझाबेथची पुन्हा प्रॉटेस्टंट. स्टीफन्स यांचा स्नेही थॉमस पाउंड कॅथलिक श्रद्धेपायी अनेक वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी साष्टीत काढली, इथली भाषा आत्मसात केली आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. मायदेशात आपल्या श्रद्धेने उघडपणे जगता येत नाही म्हणून बाहेर पडलेल्या इंग्रजाने मराठी ओवीला आपलेसे केले, ही एवढी एक हकीकत सांगितली तरी मराठी मुलाला ट्युडर काळाचे दार उघडते.

आता मुख्य प्रश्न. हा काळ मुलांना सांगताना कॅथलिक चर्चच्या सामाजिक मूल्यांचा आधार घ्यावा, असे इंग्रजी मुलखातली अनेक कॅथलिक कुटुंबे आणि शिक्षक मानतात. तसे का मानतात, त्यात ग्राह्य किती आणि धोका कुठे, याचा हा आढावा आहे.

इंग्लंडने आपला ट्युडर इतिहास फार काळ विजेत्यांच्या बाजूने शिकवला. जॉन फॉक्स यांचा हुतात्म्यांचा ग्रंथ १५६३ साली निघाला. मेरी राणीच्या पाच वर्षांच्या काळात सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आले, त्यांच्या कथा त्या ग्रंथाने घरोघरी नेल्या आणि ‘रक्तपिपासू मेरी’ ही प्रतिमा कायमची ठसली. त्या हत्या खऱ्या होत्या. पण एलिझाबेथच्या काळात दीडशेहून अधिक कॅथलिकांना फासावर दिले गेले, त्यांची नावे त्याच मुलांना क्वचितच ऐकू आली. या एकतर्फी कथनाला पहिला मोठा धक्का दिला तो कॅथलिक नसलेल्या विल्यम कॉबेट यांनी. १८२४ पासून त्यांनी लिहिलेल्या धर्मसुधारणेच्या इतिहासाचा रोख धर्मतत्त्वांवर नव्हता, भाकरीवर होता. मठ मोडले आणि इंग्लंडचा गरीब उघडा पडला, असे ते म्हणत. पुढे हिलेअर बेलॉक यांनी हीच बाजू कॅथलिक अभिनिवेशाने मांडली. १९९२ मध्ये ईमन डफी यांनी कागदपत्रे तपासून दाखवले, की सुधारणेपूर्वीचा खेड्यातला धर्म मरणपंथाला लागलेला नव्हता. तो चांगला जिवंत होता. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत ट्युडर काळ वर्षानुवर्षे सक्तीचा होता. २०१४ च्या अभ्यासक्रमात तो तिथून वगळला गेला आणि चर्च, राज्य व समाज यांचा १५०९ ते १७४५ हा पट माध्यमिक वर्गांकडे गेला.

कॅथलिक सामाजिक मूल्ये म्हणून जी ओळखली जातात त्यांचा आधुनिक आरंभ पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात आहे. ते लिहिले गेले कारखान्यातल्या मजुरांसाठी. योग्य मजुरी, संघटनेचा हक्क, श्रमाची प्रतिष्ठा हे त्याचे विषय. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यात आणखी एका तत्त्वाची भर घातली. कुटुंब किंवा गाव जे काम करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे ते तत्त्व. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, एकजूट आणि गोरगरिबांना अग्रक्रम ही बाकीची सूत्रे. आता या सूत्रांनी सोळाव्या शतकाला प्रश्न विचारून पाहू. राजवाड्यातून निघून इतिहास एकदम खेड्यात येतो, आणि मुलांसाठी हा फरक मोलाचा आहे. आठव्या हेन्रीची कितवी राणी कोण, हे पाठ करण्यात काही अर्थ नाही. मठ बंद झाला त्या हिवाळ्यात दारावर जेवणाऱ्या म्हातारीचे काय झाले, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलालाही कळतो.

पोपचा अधिकार झुगारणाऱ्या आठव्या हेन्रीच्या हुकमाने १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले सुमारे आठशे मठ मोडले गेले. त्यांच्या जमिनी राजाकडे आल्या आणि राजाकडून सरदार व सावकारांकडे गेल्या. १५३६ च्या शरद ऋतूत उत्तरेत बंड उसळले. त्याचा पुढारी रॉबर्ट आस्क हा वकील. चौकशीत त्याने मठांतून गरिबांना मिळणाऱ्या आधाराची बाजू मांडली, आणि १५३७ मध्ये यॉर्कला त्याला मृत्युदंड झाला. १५४७ मध्ये गावोगावचे धार्मिक मंडळांचे निधीही राजाने घेतले. ही मंडळे देवळात दिवा लावत, मेलेल्याला माती देत, सणाला जेवण घालत आणि काही ठिकाणी मुलांना शिकवतही. त्याच वर्षी भटक्या बेकारांना डागण्याचा आणि दोन वर्षे गुलामीत ठेवण्याचा कायदा झाला. तो फार टिकला नाही. पण ज्यांचा आधार काढून घेतला त्यांनाच गुन्हेगार ठरवण्याची ही रीत मुलांना जरूर दाखवावी. गरिबांची जबाबदारी गावावर टाकणारा स्थिर कायदा व्हायला १६०१ साल उजाडले.

याच काळात सामायिक कुरणांना कुंपणे पडत होती. लोकरीला भाव आला, मेंढ्या वाढल्या आणि कुळे हुसकली गेली. हे इंग्रज मुलाला नकाशा काढून समजवावे लागते. आपल्या मुलाला गायरान म्हटले की पुरते. गावची गुरे जिथे चरतात ती जागा उद्या कोणी कुंपणात घातली तर पहिल्यांदा कोणाचे घर हलेल, हे मावळातल्या मुलाला सांगावे लागत नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तोही याच प्रश्नावर होता. मुंबईला वीज हवी होती. ते हित सर्वांचे, असे सांगितले गेले. जमीन मात्र मावळ्यांची बुडाली. ‘सर्वांचे हित’ या सूत्राची परीक्षा अशाच वेळी होते. त्या सर्वांत ज्याची जमीन जाते तो धरला आहे का, हे आधी पाहावे लागते.

पण इथेच सावध राहायला हवे. मठ मोडण्यापूर्वीचे इंग्लंड म्हणजे गरिबांचे माहेर होते, असे चित्र मुलांपुढे रंगवले तर ते खोटे ठरेल. १५३५ साली राजाने मठांच्या उत्पन्नाची मोजणी करवली. तीत बंधनकारक दानधर्माचा हिस्सा थोडाच दिसतो. त्या मोजणीत सगळे दान आलेले नाही हे खरे, पण कॉबेटांचे चित्र जसेच्या तसे उभे राहत नाही हेही खरे. पुढे हेन्रीचे चॅन्सलर झालेल्या थॉमस मोर यांनी १५१६ च्या ‘युटोपिया’त कुंपणे घालणाऱ्यांवर कठोर टीका केली, आणि त्या यादीत सरदारांबरोबर मठाधिपतीही आहेत. आपल्याकडे कोणी गावगाड्याचे गुणगान करताना बलुतेदारीतली जातीची उतरंड गाळली, तर आपण त्याला थांबवतो. तीच शिस्त इथेही हवी.

मोर यांच्यापाशी आले की विषयाचा गाभा हाती लागतो. १५३४ च्या कायद्याने प्रत्येक प्रजाजनाला शपथ घ्यावी लागणार होती, की राजाची अ‍ॅन बोलीनपासून झालेली संततीच वारस. मोर वारसा मान्य करायला तयार होते. पण त्या शपथेच्या मजकुरात पोपचा अधिकार नाकारलेला होता, तो त्यांना मान्य नव्हता. त्यांनी बंड केले नाही, भाषण केले नाही. ते गप्प राहिले. मौन हा गुन्हा नाही, असा कायद्याचा आधार त्यांनी घेतला. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ मध्ये चर्चने त्यांना संत मानले आणि २००० मध्ये राजकारण्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. त्यांच्या बरोबरीने मी यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरो यांचे नाव घेईन. ती खाटिकाची बायको. धर्मगुरूंना घरात लपवल्याचा आरोप तिच्यावर आला. खटला उभा राहिला असता तर तिच्याच मुलांना साक्षीला उभे केले असते, म्हणून तिने आरोपाला उत्तरच दिले नाही. २५ मार्च १५८६ रोजी तिला दगडांच्या भाराखाली मारण्यात आले. राजाचा चॅन्सलर आणि बाजारपेठेतली बाई यांना एकाच मापाने मोजणे हाच मानवी प्रतिष्ठेचा धडा आहे.

मात्र ज्या मूल्याने मोर मोठे ठरतात त्याच मूल्याने त्यांचा दुसरा भागही सांगावा लागेल. ते चॅन्सलर असताना सहा जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले, आणि मोर त्या शिक्षेचे समर्थक होते. स्वतःच्या विवेकासाठी प्राण देणारा माणूस दुसऱ्याच्या विवेकाला जागा देत नव्हता. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करू नये, हे चर्चने अधिकृतपणे मांडले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. म्हणजे ज्या मूल्यांनी आपण सोळावे शतक तपासतो ती त्या शतकातल्या कॅथलिकांपाशीही पूर्ण नव्हती. चर्च स्वतः ती पुढे शिकले. ही गोष्ट लपवून ठेवणारा शिक्षक मुलांना मूल्य शिकवत नाही, पक्ष शिकवतो.

गोव्यात हे आणखी जवळून दिसते. स्टीफन्स इंग्लंडमधली सक्ती मागे टाकून जिथे आले तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामी स्टीफन्स होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना मारले. चर्चने त्या पाच जणांना हुतात्मा मानले आणि गावाने आपल्या प्रमुखांना. दोन्ही स्मृती आजही जिवंत आहेत. लंडनच्या फाशीच्या जागेवर कॅथलिकांसाठी डोळे भरून येणाऱ्या मुलाला कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांसाठीही तसेच वाटावे, हे साधले तर शिकवणे सफल झाले.

आणि आता आंबवडे. भोर तालुक्यातल्या या गावात नागेश्वराचे जुने देऊळ आहे. कान्होजी जेधे यांची समाधी याच गावात, आणि भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांचीही. राजसत्ता, शपथ आणि विवेक यांचा ट्युडर इंग्लंडमधला पेच मराठी मुलाला समजावून द्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

जून १६५९ मध्ये विजापूरच्या आदिलशहाचे फर्मान कान्होजींना आले, की अफझलखानाला सामील व्हा. कायद्याने मालक आदिलशहाच होता. देशमुखी त्याच्याच सत्तेखालची. रोहिडखोऱ्यातच उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. जेधे घराण्याची जुनी हकीकत, म्हणजे जेधे करीना, सांगते, की कान्होजी पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले. महाराजांनी वतन जाईल याची जाणीव दिली, आणि कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. पूर्वी शहाजी राजांना दिलेला शब्द त्यांनी फर्मानाहून वरचा मानला. आपल्याकडे ही कथा स्वामिनिष्ठेचा धडा म्हणून सांगतात. पण निष्ठा कोणत्या स्वामीशी? दोन स्वामी होते. कान्होजींना त्यांतून निवडावे लागले, आणि निवडीची किंमत आपल्या घरादाराने मोजायची तयारी ठेवावी लागली. नुसत्या आज्ञापालनाने हे होत नाही. पुढे खोपडे शरण आले, जेध्यांनी रदबदली केली. महाराजांनी जीव वाचवला, पण एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. हा भागही वरच्या वर्गातल्या मुलांना सांगावा. सोळाव्या-सतराव्या शतकाची क्रूरता फक्त परक्यांच्या देशात होती, असा समज घेऊन कोणी मोठे होऊ नये.

शंकराजी नारायणांची गोष्ट तर मोर यांच्या गोष्टीच्या फारच जवळ जाते. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात त्यांनी मावळात स्वराज्य उभे ठेवले. १६९३ मध्ये नावजी बलकवडे यांनी सिंहगड परत घेतला तो त्यांच्याच देखरेखीखाली. १७०० मध्ये राजाराम गेले. ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावे राज्य चालवले. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजीराजांचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला. ताराबाईंनी आपल्या कारभाऱ्यांकडून मुलाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली, आणि शंकराजी त्यांतले एक होते. ऑक्टोबरमध्ये खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली. इकडे दिलेली शपथ, तिकडे थोरल्या घराचा वारस. त्या वर्षी आंबवड्याला शंकराजींनी स्वतःचे आयुष्य संपवले. कोणी जलसमाधी म्हणतात, कोणी हिरकणी खाल्ली म्हणतात.

दोन्ही ठिकाणी शपथ राणीच्या मुलाच्या वारशाची, दोन्ही ठिकाणी कारभारी राज्याच्या पहिल्या फळीतला. पण साम्य इथे थांबते, आणि शिक्षकाने ते इथेच थांबवावे. मोर यांनी जगण्याचा प्रत्येक कायदेशीर मार्ग चाचपला. त्यांचा जीव राजाने घेतला. शंकराजींना दोन शब्दांच्या मध्ये वाट दिसली नाही. त्यांच्या मृत्यूला मानाचा शेवट म्हणून मुलांपुढे उभे करणे चूक आहे, आणि धोक्याचेही. पेच कितीही खोल असला तरी तो कोणाशी तरी बोलावा, वाट दुसऱ्यालाही दिसू शकते, हे त्याच तासाला स्वच्छ शब्दांत सांगायला हवे. ती वाट खरोखर होती, हे इतिहासच दाखवतो. शाहूंनी सूड घेतला नाही. त्यांनी शंकराजींच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपद कायम केले. विजयी राजाचे हे औदार्य ट्युडर दरबारात शोधून सापडणे कठीण आहे. आपल्या मुलांना ते अभिमानाने सांगावे.

आणखी एक धडा याच परिसरात आहे. आंबवड्याजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माच्या तारखेची चर्चा त्यामुळे पालटली. घराण्याच्या दप्तरातला कागद इतिहास बदलू शकतो. पण करीना जेध्यांच्या घराण्याची आहे, तर तिच्यात खोपड्यांची बाजू कितपत आली असेल? फॉक्स यांचा ग्रंथ प्रॉटेस्टंटांचा आहे, तर त्यात मोर कसे दिसतील? हा प्रश्न एकदा मुलांना विचारता आला, की ती कुठलाही इतिहास वाचू शकतात.

महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षण आहे. परिपाठात संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता ही मूल्ये फळ्यावर येतात. अडचण अशी, की ती तिथेच राहतात. इतिहासाच्या तासाला सनावळ्या आणि परिपाठाला मूल्ये, अशी वाटणी झाली की दोन्ही निष्प्राण होतात. कॅथलिक शिक्षकांच्या प्रयोगातून घेण्याजोगे आहे ते हे, की त्यांनी ही वाटणी मोडली. टाळण्याजोगे आहे ते हे, की काहींनी मूल्य म्हणजे आपल्या बाजूचा निकाल असे धरले. लहान वर्गांत मठाच्या दारावरची भाकरी आणि गायरान पुरे. पाचवी-सहावीला शपथेची गोष्ट सांगावी, मोर आणि कान्होजी शेजारी शेजारी ठेवून. आठवीनंतर जाळलेली माणसे, कुंकळ्ळी, खोपड्यांची शिक्षा आणि शंकराजींचा शेवट, कागदपत्रांसह. हा क्रम चर्चच्या शाळेत चालेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतही चालेल, कारण यात कोणाची श्रद्धा मान्य करायची अट नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. स्टीफन्सपासून त्यांच्यापर्यंतची चारशे वर्षांची ही मराठी परंपरा आपल्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या मुश्किलीने एखाद्या ओळीत भेटते. ती एका पूर्ण पाठाची हक्कदार आहे. तो पाठ मंडळाने लिहीपर्यंत भोर तालुक्यातल्या शिक्षकांनी थांबू नये. यंदाची सहल आंबवड्याला न्यावी, मुलांना दोन्ही समाध्या दाखवाव्यात आणि राजाची आज्ञा व स्वतःचा विवेक वेगळे सांगू लागले तर काय करावे, यावर त्यांनाच बोलू द्यावे.